चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता!

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी जा, पोरं क्रिकेट खेळताना दिसतील. ज्याची बॅट तो कप्तान, हा त्यांचा कायदा. मोठ्यांच्या क्रिकेटमध्येही एकेकाळी असाच कायदा होता, फक्त तिथं बॅटीऐवजी जात बघत.

त्या काळी मुंबईत धर्मावर संघ असत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि 1912 पासून मुसलमान. हिंदू संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज होते पालवणकर बाळू. जन्म चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपये पगार. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या बांधायच्या आणि साहेबांना सरावासाठी डाव्या हातानं तासन्‌तास चेंडू टाकायचे. हातात बॅट मात्र कुणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची गरज पडली. मैदानात सगळे त्यांच्या हातचा चेंडू झेलत, पण चहाच्या सुट्टीत बाकीच्यांना चिनी मातीचे कप आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीचं भांडं!

1906 साली हिंदू संघानं युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. राज्यकर्त्यांना हरवणारा तो विजय बाळूंच्या गोलंदाजीनं मिळाला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात हिंदी संघ बहुतेक सामने हरला, तरी एकट्या बाळूंनी 114 बळी घेतले.

एवढं करूनही कप्तानी? ती नाहीच. 1913 चे कप्तान एम. डी. पै यांनी हा मान खरा बाळूंचा आहे असं उघड बोलून दाखवलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. दोन चांगले फलंदाज गेल्यावर मंडळींना जाग आली. बाळू उपकप्तान झाले आणि पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरती कप्तानी बाळूंकडे आली. आमच्या मते ही उसनवारीच. पण 1923 साली विठ्ठल पूर्ण कप्तान झाले, संघानं युरोपियनांना हरवलं आणि ज्यांनी एकेकाळी या घराला दूर ठेवलं, त्यांनीच विठ्ठलना खांद्यावर घेतलं.

अमेरिकेत बेसबॉलच्या ब्रुकलिन डॉजर्स संघानं जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मैदानात उतरवलं ते 15 एप्रिल 1947 ला. म्हणजे विठ्ठलच्या कप्तानीनंतर चोवीस वर्षांनी.

आता एक अवघड गोष्ट, ती लपवून चालणार नाही. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पण 1932 च्या पुणे करारावर सही करणारे बाळू 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्धच उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. ज्यांच्या खेळावर वस्त्यांनी जीव टाकला होता, त्यांच्याविरुद्ध शिक्का मारताना किती घरांत वाद झाले असतील!

त्याच वर्षी 31 जुलैला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. यंदा तिथल्या यात्रेला पोरांना नेलंत, तर वाटेत बाळूंचीही गोष्ट सांगा.