'थोडं दुखेल' म्हणजे नेमकं किती?

दातांना तारा लावून घेतलेल्या मोठ्या माणसाची परीक्षा दवाखान्यात होत नाही. ती होते दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळीच्या पहिल्या घासाला. कालपर्यंत लक्षही न देता चावला जाणारा घास आज दातांखाली येताच डोळ्यांत पाणी आणतो. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, 'थोडं दुखेल, मग सवय होईल.' हे वाक्य खोटं नाही. पण त्यातलं 'थोडं' किती आणि 'मग' म्हणजे कधी, हे बहुतेक वेळा ना सांगितलं जातं, ना विचारलं जातं.

उपचार सुरू होण्याआधी रुग्णाच्या हातात बरंच काही पडतं. खर्चाचा अंदाज, हप्त्यांची सोय, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. पुढचे काही महिने जेवायचं कसं, बोलायचं कसं, याचा कागद मात्र क्वचितच मिळतो. शाळकरी मुलांच्या बाबतीत ही उणीव आई भरून काढते; मूल रडतं, आई फोन करते, डॉक्टर टोचणारी तार वळवून देतात. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी असा फोन करणारं कोणी नसतं. उलट घरातूनच 'या वयात कशाला हवं होतं हे?' असा प्रश्न येतो. हौस आपली, पैसे आपले, मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची, असं म्हणत तो गप्प बसतो. आणि मोठ्या वयातल्या या उपचारांचं सगळ्यात जास्त नुकसान हा गप्पपणाच करतो.

मुळात ही हौस असतेच असं नाही. आज चाळिशीत असलेल्या अनेकांच्या लहानपणी तालुक्याच्या गावी दात सरळ करणारा तज्ज्ञ नव्हता, आणि शहरात असला तरी त्यासाठी घरात पैसे नव्हते. दुखत नाही ना, मग राहू दे, असा हिशेब होता. पण एकमेकांवर चढलेले दात नीट घासले जात नाहीत, हिरड्या सुजतात. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील तर ते भलत्याच ठिकाणी झिजतात. पडलेल्या दाढेच्या जागी नवी बसवायची म्हटलं तर शेजारच्या दाढेने त्या जागेत अंग टाकलेलं असतं. आणि समजा कारण फक्त दिसण्याचं असलं, चारचौघांत तोंडावर हात न ठेवता हसता यावं एवढंच असलं, तरी त्यात ओशाळण्यासारखं काय आहे?

दुखतं का, हे आधी समजून घ्यायला हवं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. तार दाताला ज्या बाजूला ढकलते, त्या बाजूला हा थर दाबला जातो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि दाह निर्माण करणारी रसायनं तयार होतात. त्यांच्याच इशाऱ्याने त्या बाजूचं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, तर मागे रिकाम्या होणाऱ्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड भरत जातात. म्हणजे दुखणं आणि दात सरकणं एकाच घडामोडीतून येतं. तार बसवल्यावर किंवा आवळल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, साधारण २४ तासांच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि आठवडाभरात बहुतेकांचा ओसरतो. दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. त्यामुळे तार बदलली की हेच चक्र कमी-अधिक प्रमाणात पुन्हा येतं.

पण म्हणून 'जितकं जास्त दुखेल तितकं काम चांगलं' हा समज खरा नाही. फाजील जोराने दात लवकर सरकत नाही. दुखतं जास्त, आणि मुळं झिजण्याचा धोका वाढतो. मोठ्या माणसाचं हाड तर जरा सावकाशच प्रतिसाद देतं. जुन्या पोलादी तारांच्या जागी १९७०च्या दशकापासून निकेल-टायटॅनियमच्या तारा आल्या, त्या याचसाठी. या तारा वाकवल्या तरी मूळ आकाराकडे हळूहळू परततात आणि दातावर हलका, सलग दाब ठेवतात. हा मिश्रधातू सापडला अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत. तिथे कोणाच्या दातांचा विचार नव्हता!

तारांपेक्षाही ज्याची पूर्वकल्पना द्यायला हवी असं उपकरण म्हणजे टाळूला बसवायचा एक्स्पांडर. वरचा जबडा अरुंद असेल तर तो रुंद करण्यासाठी हा स्क्रू असतो. कल्पना जुनी आहे. एमर्सन एंजेल या अमेरिकी दंतवैद्याने चौदा वर्षांच्या एका मुलीवर केलेला असा उपचार १८६० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा व्यवसायबंधूंनीच त्यावर शंका घेतली होती. टाळूच्या मधोमध दोन हाडांची शिवण असते. लहान वयात ती उघडता येते. किशोरवय सरता सरता दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांत गुंतत जातात, कोणाची लवकर तर कोणाची उशिरा. म्हणून मुलांना दाढांवर अडकवलेला एक्स्पांडर पुरतो. मोठ्या माणसाच्या दाढांवर तसाच जोर दिला तर शिवण जागची हलत नाही आणि दाढाच बाहेरच्या बाजूला कलण्याची भीती असते. त्यामुळे हे उपकरण बऱ्याचदा बारीक स्क्रूंनी थेट टाळूच्या हाडात बसवतात. तेवढ्यानेही भागणार नसेल तर शस्त्रक्रियेने हाड मोकळं करावं लागतं.

हे उपकरण बसवल्यावर घरी किल्लीने फिरवायचं असतं. अनेक एक्स्पांडरमध्ये पाव फेरा म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण रात्री आरशासमोर उभं राहून टाळूतलं ते छिद्र शोधताना हात थरथरतो. फिरवल्यावर दाब जाणवतो तो समोरच्या दातांत, नाकाच्या मुळाशी, कधी गालाच्या हाडांत. पहिले काही दिवस लाळ आवरत नाही. जिभेवर धातूचे ठसे उमटतात. भाताचं शीत वरच्या पोकळीत जाऊन बसतं आणि जीभ दिवसभर त्याच्यामागे धावते. मग एखाद्या सकाळी समोरच्या दोन दातांमध्ये फट दिसते. ज्याला आधी काही सांगितलेलं नाही, त्याला वाटतं, होते ते दातही गेले. ज्याला सांगितलेलं असतं त्याला ती शिवण उघडत असल्याची खूण वाटते. ही फट पुढे मिटते किंवा तारांनी मिटवता येते. दृश्य एकच, पण एकाची रात्र जागून जाते आणि दुसऱ्याला हुरूप येतो. शिवाय फिरवणं संपलं म्हणजे उपकरण निघालं असंही नाही. उघडलेल्या शिवणीत हाड भरेपर्यंत ते आणखी काही महिने तोंडातच राहतं, आणि ही बातमी बऱ्याच जणांना नेमकी तेव्हाच कळते.

बोलण्यात हे उपकरण आडवं येतं, आणि मराठीत जरा जास्तच. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ हे सगळे मूर्धन्य वर्ण; जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत. तिथेच आता धातू असतो. 'वेळ मिळाला की कळवते' एवढं साधं वाक्य अडखळतं. स आणि श शिट्टी वाजवू लागतात. बँकेच्या काउंटरवर बसणारी बाई, वर्गात शिकवणारा मास्तर, दिवसभर फोनवर बोलणारा विक्री प्रतिनिधी यांना दातांच्या ठणक्यापेक्षा हीच गोष्ट जास्त लागते. यावर मोठ्याने वाचण्याइतका सोपा इलाज नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं वर्तमानपत्रातला कोणताही मजकूर सावकाश, स्पष्ट वाचत राहिलं की जीभ नव्या जागा शोधते आणि काही आठवड्यांत बहुतेकांचं बोलणं सुधारतं. सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं. चोरून बोलणारा माणूस जास्त अडखळतो. आणि उपकरण बसवायला शक्य असेल तर शुक्रवार घ्यावा. पुढचे दोन दिवस घरच्यांसमोर बोबडं बोलता येतं.

जेवणाचं मराठी घरात फारसं अडत नाही. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पिठलं-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं यांवर पहिला आठवडा निघतो. चकली, चिक्की, ऊस, फुटाणे, अख्खा पेरू हे मात्र दूर ठेवावेत. एका चकलीने ब्रॅकेट निघतो आणि उपचार लांबतो. मधुमेह असणाऱ्यांनी यात एक गोष्ट विसरू नये. चावायला नको म्हणून दिवसातून तीनदा मऊ भात खाल्ला तर साखर वाढते, दुखतं म्हणून जेवणच टाळलं आणि गोळी तेवढी घेतली तर ती घसरते. तेव्हा दातांच्या डॉक्टरांबरोबर नेहमीच्या डॉक्टरांनाही कळवावं. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधं घेणाऱ्यांनी तर उपचार सुरू होण्याआधीच ते सांगायला हवं, कारण त्यातल्या काही औषधांनी दात सरकण्याचा वेग मंदावतो.

टोचणाऱ्या तारेवर दवाखान्यात मिळणारं मेण लावावं, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. गोळी लागलीच तर सहसा पॅरासिटामॉल पुरतं. 'मेडिकल'मधून मिळेल ती वेदनाशामक गोळी रोज घेत राहणं चांगलं नाही. पोटाचा आणि मूत्रपिंडांचा प्रश्न आहेच. शिवाय आयब्युप्रोफेनसारखी औषधं ज्या रसायनांना रोखतात, त्यांचाच दात सरकवण्यात वाटा असतो.

हे झालं सहन करण्याजोगं. पण गप्प बसणारा माणूस पुढचंही सहन करतो, ते घातक. आठवड्यानंतरही वाढत जाणारी वेदना, टाळूला सूज येऊन उपकरण मांसात रुतू लागणं, पू किंवा दुर्गंधी, ताप, सैल झालेला स्क्रू, किल्ली फिरवूनही काहीच फरक न पडणं किंवा जबडा एकाच बाजूला सरकल्यासारखा वाटणं, तोंड उघडताना सांधा अडकणं, यातलं काहीही झालं की पुढच्या तारखेची वाट बघू नये. दात किंचित हलणं अपेक्षित असतं. एकच दात खूप हलत असेल तर दाखवायला हवा. हिरड्यांतून रोज रक्त येत असेल तर तेही. दोन आठवड्यांत बरी न होणारी तोंडातली जखम तपासून घ्यायलाच हवी. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याने तर तिचं खापर तारेवर फोडून मोकळं होऊ नये.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर यातलं बरंचसं फार स्वस्तात सुधारण्यासारखं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तारा लावलेल्या काही रुग्णांना दवाखान्याकडून नंतर फोन केला गेला. ज्यांना फोन आला त्यांनी वेदना आणि काळजी कमी असल्याचं सांगितलं. गंमत अशी की, फोनवर उपचाराची ठरवून दिलेली माहिती सांगितली की नुसती चौकशी केली, याने फरक पडला नाही. कोणीतरी विचारलं, एवढंच पुरलं. आपल्याकडे हप्त्याची आठवण मोबाइलवर वेळेवर येते. त्याच मोबाइलवर दुसऱ्या दिवशी 'कसं वाटतंय?' विचारायला काय खर्च येतो? आणि अंदाजपत्रकाच्या कागदामागे आणखी एक पान जोडावं: पहिले दोन दिवस असं होईल, आठवड्याने तसं होईल, तोंडात हे इतके महिने राहील, अमुक झालं तर या नंबरवर फोन करा.

त्या पानावर 'उपचार केला नाही तर काय होईल' हेही असावं. काहींच्या बाबतीत त्याचं प्रामाणिक उत्तर 'फारसं काही नाही' असं असतं, आणि दीड-दोन वर्षांची गैरसोय पत्करण्यापूर्वी ते ऐकण्याचा रुग्णाला हक्क आहे. टाळू रुंद केली की मोठ्या माणसाचं घोरणं थांबेल, डोकेदुखी जाईल, चेहराच बदलेल, अशी जाहिरात कुठे दिसली तर दोन प्रश्न जास्त विचारावेत. घोरताना श्वास अडत असेल तर आधी झोपेची तपासणी व्हायला हवी, टाळूचं नंतर बघता येईल. उपचार करणारी व्यक्ती दंतशास्त्राच्या या शाखेत एमडीएस आहे का, हे विचारण्यातही उद्धटपणा नाही.

तारा निघाल्यावर मिळतो रिटेनर. दात जुन्या जागी परतायला बघतात, म्हणून तो सांगितला तितकी वर्षं वापरावा लागतो, बहुतेकदा रात्री. याविषयी दवाखान्यात सांगतात खरं, पण तेव्हा माणूस तारा निघाल्याच्या आनंदात असतो. रिटेनर गरम पाण्याने धुऊ नये, त्याचा आकार बिघडतो. जेवताना काढला तर लगेच डबीत ठेवावा. कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर हॉटेलातला पोऱ्या उष्ट्याबरोबर उचलून नेतो, आणि नव्यासाठी पुन्हा माप द्यावं लागतं.