शत्रूने ठेवलेले नाव

दसऱ्याला आमच्या शेजारच्या चिरंजीवांनी नवी मोटारसायकल घेतली. हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले, आळीभर पेढे वाटले आणि मग टाकीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून मला विचारले, "काका, अपाचे म्हणजे काय हो?"

मी म्हटले, "शत्रू!"

चिरंजीवांचा चेहरा उतरला. मुहूर्ताच्या दिवशी असे तोंडातून काढू नये हे खरे. परंतु उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस झुनी नावाचे शेतकरी लोक राहतात. त्यांच्या भाषेत 'अपाचू' म्हणजे शत्रू, आणि तिथूनच स्पॅनिश लोकांनी हे नाव उचलले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्यांना ते चिकटले ते लोक स्वतःला 'न्दे' म्हणवतात. न्दे म्हणजे माणसे. शेजाऱ्याच्या घरी जाऊन एखाद्याची चौकशी करावी आणि त्याने सांगितलेले टोपणनावच दप्तरात कायमचे लिहून ठेवावे, तसा हा प्रकार झाला.

पहिली गाठ पडली १५४१ साली. कोरोनादो नावाचा सरदार मेक्सिकोहून सोन्याची शहरे शोधीत उत्तरेला आला होता. शहरे निघाली दगडमातीची. पुढे माळरानावर त्याला रानगव्यांच्या कळपांमागून हिंडणारे लोक भेटले. त्यांचे तंबू कातड्याचे आणि ओझी वाहायला कुत्री! तंबूचे बांस कुत्र्यांच्या पाठीला बांधलेले, नि ते फरफटत चालला आहे सारा संसार. हे लोक अपाचेंचे पूर्वज असावेत. घोड्यावर बसलेली, चिलखत घातलेली फौज त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तरी पळापळ झाली नाही. ते तंबूबाहेर आले, पाहिले, आणि 'तुम्ही कोण?' असे त्यांनीच पाहुण्यांना विचारले. मला तर हा प्रसंग सगळ्या लढायांहून मोठा वाटतो.

१५९८ साली हुआन दे ओन्याते याने न्यू मेक्सिकोत कायमची वसाहत केली. त्या वेळी स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे आपल्या गोव्यात ज्याच्या नावाने कारभार चाले, त्याच फिलिपच्या नावाने ओन्यातेनेही तिकडे निशाण रोवले. या वसाहतीपूर्वी अपाचे आणि पक्क्या घरांत राहणारे प्वेब्लो शेतकरी यांच्यात कधी मारामारी, कधी व्यापार असे चाले. अपाचे रानगव्याची कातडी आणि वाळवलेले मांस आणीत. मका आणि सुती कापड घेऊन जात. स्पॅनिशांनी प्वेब्लोंच्या कणग्यांतला मका खंडणी म्हणून उचलायला सुरुवात केली. शेतकऱ्याजवळ देण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा हिवाळ्यात आलेला गिऱ्हाईक लुटारू झाला.

त्यात भर पडली परराल येथील चांदीच्या खाणींची. खाणींना माणसे हवी होती. राजाने इंडियनांना गुलाम करण्यास १५४२ सालीच बंदी केली होती. पण 'न्याय्य युद्धात' पकडलेल्यांसाठी पळवाट होती. मग युद्ध न्याय्य ठरवणे कितीसे अवघड? काही सुभेदारांनी या धंद्यात स्वतःचे हात चांगलेच ओले करून घेतले. बायकापोरे नेली की पुरुष सूड घेणार, त्याने सूड घेतला की पुन्हा न्याय्य युद्ध. असे हे रहाटगाडगे.

घोडा मात्र अपाचेंनी लवकर आपलासा केला. १६८० साली प्वेब्लोंनी बंड करून स्पॅनिशांना बारा वर्षांसाठी हाकलून लावले, तेव्हाच घोडे सर्वत्र पसरले, असे पूर्वी सांगत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही तारीख बरीच मागे नेली आहे. घोडे बंडाआधीच हातोहात पोचले होते.

लूट आणि युद्ध या अपाचेंच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी. लूट म्हणजे घरात अन्न नाही म्हणून गुपचूप जाऊन जनावरे आणणे. त्यात शक्यतो कोणाला मारायचे नाही, कारण मग पाठलाग होतो. युद्ध म्हणजे मारल्या गेलेल्या नातलगाचा सूड. स्पॅनिश दप्तरात मात्र दोहोंची नोंद एकाच खात्यात! दुसरी गफलत राजाच्या शोधाची. अपाचेंना एक राजा नव्हताच. प्रत्येक टोळीचा आपला म्होरक्या, तोही लोक ऐकतील तोवर. एकाशी तह करायचा आणि दुसऱ्याने गुरे नेली की 'अपाचे विश्वासघातकी' म्हणून ओरडायचे!

त्यांच्या घरची रीत तर आपल्या भगिनींना फारच आवडेल. लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरच्या वस्तीत राहायला जाई. आमच्याकडे घरजावई म्हटले की नाके मुरडतात. तिकडे सगळेच घरजावई. मात्र बऱ्याच टोळ्यांत सासू आणि जावई यांनी एकमेकांच्या दृष्टीस पडायचे नाही असा कडक दंडक होता. (किती घरांतली शांतता यामुळे टिकली असेल!) झोपड्या बायकाच उभारीत. घायपातासारख्या झाडाचा गड्डा खणून, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात पुरून भाजीत आणि त्याच्या वड्या वाळवून ठेवीत. या मेस्कालवरूनच एका शाखेला मेस्कालेरो नाव पडले. मुलगी वयात आली की चार दिवसांचा सोहळा होई. तिच्या अंगावर पिवळे परागकण शिंपडीत आणि त्या चार दिवसांत ती आदिमातेचेच रूप मानली जाई. मेस्कालेरो लोकांत हा सोहळा आजही होतो.

अठराव्या शतकात उत्तरेकडून कोमांचे स्वार आले आणि अपाचे दोन्हीकडून कोंडले गेले. लिपान अपाचेंनी मागितले म्हणून टेक्सासात सान साबा नदीकाठी १७५७ साली स्पॅनिशांनी मिशन बांधले. लिपान काही राहायला आले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये कोमांचे आणि त्यांचे दोस्त मात्र आले आणि मिशनची राख झाली.

शेवटी तोडगा काढला तो बर्नार्दो दे गाल्वेझ या व्हाइसरॉयने. तरुणपणी त्याने स्वतः अपाचेंच्या हातून जखमा खाल्ल्या होत्या. १७८६ सालच्या त्याच्या सूचना वाचल्या म्हणजे माणूस थक्क होतो. लढणाऱ्यांना उसंत द्यायची नाही; पण तह मागेल त्याला तो द्यायचा, मग तह वाईट असला तरी चालेल. ठाण्याजवळ वसवायचे, शिधा द्यायचा, दारूची चटक लावायची. बंदुकाही द्यायच्या, पण लवकर बिघडणाऱ्या. म्हणजे दुरुस्तीला आणि दारूगोळ्याला आपल्याच दारी येतील आणि तिरंदाजी विसरतील. हे सारे आडपडदा न ठेवता लिहिलेले आहे!

आणि ते बरेचसे साधलेही. १७९३ पर्यंत सुमारे २,००० अपाचे अशा वस्त्यांत राहू लागले. हानोसच्या ठाण्यात आठवड्याच्या आठवड्याला मका, मांस, मीठ, तंबाखू आणि गुळाच्या ढेपा मिळत. कोणत्या कुटुंबात किती माणसे, याच्या याद्या आजही शिल्लक आहेत. आजन्म एकमेकांवर बाण आणि गोळ्या सोडलेली माणसे एका तराजूभोवती उभी राहू लागली. जे आले नाहीत त्यांना साखळदंडांत जखडून मेक्सिको शहराकडे, तिथून जहाजाने हवानाला पाठवीत. वाटेत निसटून शेकडो कोस पायी परत निघालेल्यांच्या नोंदीही त्याच दप्तरात आहेत.

हानोसच्या वस्तीतल्या एका म्होरक्याचा मुलगा हुआन होसे कोंपा हा ठाण्याच्या शाळेत शिकला. त्याला स्पॅनिश लिहितावाचता येई. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला, तिजोरीत खडखडाट झाला आणि १८३१ साली शिधा बंद पडला. गुरांच्या चोऱ्या पुन्हा सुरू झाल्या. १८३५ साली सोनोरा प्रांताने अपाचे पुरुषाच्या टाळूच्या कातड्यामागे १०० पेसो इनाम लावले. १८३७ च्या एप्रिलमध्ये जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकनाने कोंपाच्या लोकांना व्यापारासाठी जवळ बोलावले. ते आपल्या बायकामुलांसह आले, माल पाहायला दाटीने पुढे सरले, आणि दडवून ठेवलेल्या लहान तोफेला बत्ती दिली गेली. शाळेत शिकलेला हुआन होसे त्यातच गेला.