भोंगा केव्हां वाजावा?

यंत्रास पाहावयास डोळा आणि ओरडावयास कंठ मिळाला. आतां त्यास विवेक कोणीं द्यावयाचा, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. तो आमच्या बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकांठच्या गांवांत, उसाच्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे. जुन्नर वनविभागांत बिबट्याची चाहूल घेणारीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें कांहीं ठिकाणीं बसविण्यांत आलीं आहेत. कॅमेऱ्यांतील चित्रावरून यंत्र बिबट्या ओळखतें आणि भोंगा वाजवितें. योजना उत्तम, परंतु किती संशय आला असतां भोंगा वाजावा, हें ठरवावें कोणीं?

थोड्या संशयावर वाजला, तर कुत्र्यामांजरासाठींही गांव जागें होईल, आणि चार रात्रींनंतर कोणी उठणार नाहीं. पुरती खात्री पटेपर्यंत थांबला, तर एखाद्या रात्रीं फार उशीर होईल. या दोन चुकांपैकीं कोणती सोसावी, हा प्रश्न गणिताचा नव्हे, नीतीचा आहे.

अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बात्या फ्रीडमन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत यावर एक पद्धति मांडली. तिला आपण मूल्यकेंद्री रचना म्हणूं. यंत्र घडवितांनाच त्याचा परिणाम कोणाकोणावर होईल तें शोधावें, आणि जे तें वापरीत नाहींत पण त्याचें फळ भोगतात, त्यांचेंही हित पाहावें, असें तिचें सार आहे. आमच्याकडे असे लोक कोण? रात्रीं वीज येते म्हणून अंधारांत दारें धरणारा शेतकरी. फडाशेजारीं कोपींत निजणारीं ऊसतोड्यांचीं मुलें. पहांटे बांधावरून जाणारी स्त्री, जिचेंही चित्र तो कॅमेरा टिपतो. तें चित्र कोणीं पाहावें व किती दिवस ठेवावें, हेंही आधींच ठरलें पाहिजे.

घाईच्या उपायाचें फळ जुन्नरनें पूर्वीं पाहिलें आहे. २००१ च्या सुमारास येथें बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपक्रम सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें, कीं माणसांवरील हल्ले पूर्वीं वर्षाला सरासरी ४ होते, ते त्यानंतर १७ झाले. पकडलेले बिबटे मोजले, तर उपाय यशस्वी. माणसांचे प्राण मोजले, तर तो उलटलेला. काय मोजावें, हेंच आधीं चुकलें म्हणजे पुढील सर्व हिशेब व्यर्थ.

म्हणून आमची सूचना इतकीच, कीं भोंग्याची मर्यादा ग्रामसभेंत ठरावी, तेथें कोपींतील माणसासही बोलावावें, आणि भोंगा वाजल्यावर कोणीं धांवून जावयाचें तें नांवानिशीं ठरवून ठेवावें. यंत्राची चूक झाल्यास उत्तर देणारा माणूसच असला पाहिजे. आणि वाचकहो, भोंगा आला म्हणून अंधारांत मुलांस एकटें पाठवूं नये. यंत्र जागें असलें, तरी घरच्या वडीलधाऱ्यांनीं निजून चालणार नाहीं.