बाळाचा नफका आणि बापाची शंका



महाळुंगे-चाकणच्या पट्ट्यात निकाह मोडला की मागोमाग दुधाचा, औषधाचा, शाळेच्या फीचा प्रश्न येतो. काही बापांचे त्यावर उत्तर ठरलेले : ‘आधी डीएनए करा, मग खर्चाचे बघू.’ जणू ही चाचणी मागितली की मिळते!

कायद्यानुसार वैध विवाह टिकून असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच. विवाह संपल्यावर आईने दुसरा विवाह केला नसेल, तर २८० दिवसांत जन्मलेलेही त्याचेच. गर्भ राहिला त्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे नवऱ्याने दाखवावे लागते. पुण्यातल्या एका दांपत्याच्या घटस्फोटाच्या प्रकरणात खालच्या न्यायालयांनी मुलाच्या डीएनए चाचणीला दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केली. बायकोवरचा आरोप सिद्ध करायला लेकराचे रक्त वापरायचे नाही, हा त्या निकालाचा गाभा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विदर्भातल्या एका पोटगीच्या खटल्यात न्यायालयाच्याच आदेशाने दोन चाचण्या झाल्या आणि नवरा मुलीचा पिता नसल्याचे निघाले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीची पोटगी थांबवली. दिलेले पैसे मात्र परत घ्यायचे नाहीत, असे सांगितले. अशी प्रकरणे असतात. पण म्हणून प्रत्येक शंकेखोराला तो रस्ता खुला झालेला नाही.

शरीअतही संशयाला मोकळे रान देत नाही. एका बदूला काळ्या रंगाचे मूल झाले म्हणून शंका आली. प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटांचे रंग विचारले. तांबड्या उंटांत एखादा करडा निघतो तो कुठून? पूर्वजांकडून आला असेल, असे तोच म्हणाला. मग मुलाचेही तसेच असेल, असे त्याला सांगण्यात आले. ज्याला आरोपच करायचा आहे त्याच्यासाठी सूरह नूरमध्ये लिआन आहे : चार वेळा अल्लाहची शपथ, आणि पाचव्यांदा आपण खोटे असू तर आपल्यावर लानत. गल्लीत उभे राहून बोलण्याची ही गोष्ट नव्हे.

‘तलाकनंतर दोनच वर्षे द्यायचे असते’ हाही गैरसमज. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुस्लिम मुलांचा स्वतःचा हक्क सज्ञान होईपर्यंत आणि मुलीचा निकाह होईपर्यंत राहतो.

राहिला कमाईचा पुरावा. ठेकेदाराकडे काम, पगार रोख, स्लिप नाही, अशी इकडची तऱ्हा. पण २०२० पासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. बहिणींनो, नवऱ्याचा पीएफ नंबर, गेटपासचा फोटो, ठेकेदाराचे नाव, जे हाती असेल ते जपून ठेवा. तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम रकमेचा निर्णय द्यायचा असतो. महिलेला सरकारी वकील-मदत मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.