धुराडे कुणाच्या दारात?

धूर जातपात पाहत नाही, असे लोक सहज बोलून जातात. धूर पाहत नसेलही. पण धुराडे कुठे उभारायचे, शहराचा कचरा कुठे ओतायचा आणि कारखान्याच्या भिंतीला लागून घरे कुणाला द्यायची, हे माणसे ठरवतात. ठरवताना त्यांचे बोट नेमके आपल्या वस्त्यांकडे वळते. म्हणून हवेचा प्रश्न हा आम्हाला झाडे लावण्याचा प्रश्न वाटत नाही, तो समतेचा प्रश्न वाटतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क बजावला. त्याच १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. पुढे शहरातून उठवलेली गरीब कुटुंबे, त्यात आपली आणि मुस्लिम बांधवांची मोठी संख्या, याच डम्पिंगच्या कडेला गोवंडी-मानखुर्दमध्ये येऊन राहिली. जवळच रुग्णालयांचा कचरा जाळण्याची भट्टी आली. पलीकडे चेंबूर-माहुलला रिफायनऱ्या आणि खताचा कारखाना. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली, धूर शहरभर पसरला, तेव्हा त्याची बातमी झाली. एरवी वस्तीत रोज शिरणाऱ्या धुराची बातमी होत नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. चंद्रपूर, कोराडीकडच्या वाचकांना औष्णिक केंद्राची राख माहीत आहे. त्यांना आम्ही वेगळे काय सांगणार?

हवेतले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. पीएम २.५ म्हणतात तो कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा असतो. तो नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथून रक्तात. म्हणून त्याने नुसता खोकला होत नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे सांगितले. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. लहान मूल मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेते, म्हणून त्याच्या वजनाच्या मानाने जास्त विष त्याच्या पोटी जाते. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर जात नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे दम्याचे रुग्ण जास्त हैराण होतात.

आता कुणी म्हणेल, कंपन्या आणि पालिका यांच्यापुढे वस्ती काय करणार? माहुलकडे पाहा. तिथल्या गावकऱ्यांनी रासायनिक साठवणुकीच्या टाक्यांविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये माहुल-आंबापाडा भागात पाहणी केली. सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचे सांगितले. गावकऱ्यांची तक्रार आणि डॉक्टरांचा कागद एकत्र आला, तेव्हा २०१५ मध्ये लवादाला मान्य करावे लागले की इथली हवा आरोग्याला धोक्याची आहे. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे त्याच माहुलला पाठवली गेली. ती कुटुंबे रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांना जबरदस्तीने माहुलला पाठवण्यास मनाई केली आणि जे तिथून निघू इच्छितात त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यायला सांगितले. गोवंडीच्या भट्टीचेही तसेच. रहिवासी कोर्टात गेले म्हणून २०२३ मध्ये ती दोन वर्षांत दुसरीकडे हलवण्याचा आदेश झाला. पण आदेश हातात आला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे होत नाही. तारखेचा पाठपुरावा वस्तीलाच करावा लागतो.

म्हणून आम्ही भागीदारीवर भर देतो. मात्र भागीदारी म्हणजे काय, ते आधी ठरवून घ्या. वर्षातून एकदा अधिकारी आले, पाच रोपे लावली, मास्क वाटले, फोटो काढून गेले, ही भागीदारी नव्हे. प्रदूषण नियंत्रण मंडळ, वॉर्ड ऑफिस, आरोग्य केंद्र आणि वस्तीचे प्रतिनिधी दर महिन्याला एका टेबलावर बसले पाहिजेत. हवा मोजणारे यंत्र कुठल्या गल्लीजवळ लागणार, हे ठरवताना वस्तीचे मत घेतले पाहिजे. आकडे मराठी-हिंदीत फळ्यावर लागले पाहिजेत. आणि वस्तीच्या प्रतिनिधींत निम्म्या बाया हव्यात, कारण धुरात जास्त वेळ त्याच असतात.

यात आपल्या विहाराने काय करावे? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. तारीख, वेळ, कसला वास आला, धूर कुठल्या बाजूने आला, कुणाला दम लागला, कुठल्या दवाखान्यात नेले. दवाखान्याच्या केसपेपरवर राहण्याचा पूर्ण पत्ता लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स वहीत लावा. सहा महिन्यांची अशी वही साहेबांच्या टेबलावर ठेवली, की 'तुमची तक्रार मोघम आहे' हे उत्तर चालत नाही. शेजारच्या कारखान्याला मंडळाने कोणत्या अटींवर परवानगी दिली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. शिकलेल्या मुलामुलींनी हा अर्ज लिहायला शिकावे. आणि शेजारच्या मशिदीच्या, चर्चच्या कमिटीलाही सोबत घ्या. एकट्या विहाराची सही आणि सगळ्या वस्तीची सही यात फरक पडतो.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. केबल जाळून तांबे काढणारा, डम्पिंगवर वेचणारा माणूस आपलाच आहे. त्याला गुन्हेगार ठरवून हवा सुधारणार नाही. तार सोलण्याचे यंत्र, कचरा वेगळा करण्याची शेड आणि ओळखपत्र त्याला मिळाले तर जाळण्याची गरज उरत नाही. हीदेखील भागीदारीतली मागणी असली पाहिजे. रोजगार हिरावून मिळालेली स्वच्छ हवा आम्हाला नको.

आणि आपल्या हातात आहे तेही करू. जयंतीला फटाके आणि रात्रभर चालणारे डिझेल जनरेटर कमी करता येतील. त्या पैशातून वस्तीतल्या दमेकरी मुलांसाठी स्पेसर घेता येतील. विहाराचे दार बंद करून अगरबत्त्यांचा धूर कोंडू नये.

घरातल्यांसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाळ शांत असताना त्याचे पोट पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर काढा-वाफ करत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. दुसरे, पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. पंपातले औषध थोडे असते आणि थेट फुप्फुसात जाते. डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नका. ओला रुमाल बारीक कण अडवत नाही. धूर जास्त असेल तेव्हा एन ९५ मास्क वापरा.

विहारात आपण आनापानसती करतो, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतो. त्या श्वासातून काय आत येते, याकडेही आता लक्ष द्यावे लागेल. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. आपल्या लेकरांच्या दम्याचे कारण त्यांच्या नशिबात नाही, ते कुणाच्या तरी सहीच्या कागदात आहे. तो कागद मागायला या महिन्यात आपल्या विहारातून किमान एक अर्ज गेला पाहिजे.

जयभीम!