साखरेची धूळ आणि खाणीतला धडा

अहिल्यानगर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. महाराष्ट्राचा कोळसा वर्धा खोऱ्यात आणि नागपूरच्या परिसरात निघतो. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठी पिकतो तो ऊस. त्यामुळे खाणीतील कोळशाच्या धुळीचे स्फोट संगणकाच्या साहाय्याने कसे समजून घेतले जातात, हा विषय या जिल्ह्याला परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो तसा नाही. हवेत उधळलेली कोळशाची पूड ज्या नियमाने पेट घेते, त्याच नियमाने साखरेची पूडही पेट घेते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात जेथे प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग तालुक्यातालुक्यांत धुराडी उभी राहिली, त्या जिल्ह्यात ही पूड हजारो कामगारांच्या रोजच्या सहवासातील वस्तू आहे.

ढिगातला कोळसा सावकाश जळतो. त्याचीच पूड हवेत पसरली, की प्रत्येक कणाला चोहोबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि ज्वाला क्षणार्धात कणाकणावरून धावत सुटते. इंग्लंडमधील हॅसवेल खाणीत १८४४ साली ९५ माणसे दगावली, तेव्हा चौकशीसाठी गेलेल्या मायकेल फॅरडे आणि चार्ल्स लायल यांनी स्फोटातील धुळीचा वाटा दाखवून दिला होता. तो इशारा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कूरिएरच्या खाणीत धुळीच्या स्फोटाने १,०९९ बळी घेतले. आपल्या देशात २८ मे १९६५ रोजी तत्कालीन बिहारमधील ढोरी खाणीत २६८ कामगार मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांची रीत बहुधा एकच असते. प्रथम एका कोपऱ्यात लहानसा स्फोट होतो. त्याच्या दाबाची लाट जमिनीवर आणि तुळयांवर निजलेली धूळ उचलून हवेत भिरकावते आणि मागून येणारी ज्वाला त्या ढगाला गाठते. खरा संहार होतो तो या दुसऱ्या स्फोटात.

साखरेच्या कारखान्यात याचा प्रत्यय ७ फेब्रुवारी २००८ रोजी आला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात १४ कामगार मरण पावले. तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने केलेली चौकशी साखरधंद्यातील प्रत्येकाने वाचावी अशी आहे. साखरेच्या कोठारांखाली बोगद्यातून साखर वाहून नेणारा पट्टा होता. वरून कचरा पडून साखर खराब होऊ नये, या सद्हेतूने २००७ साली तो पोलादी पत्र्यांनी बंदिस्त करण्यात आला. मात्र आतली धूळ खेचून घेण्याची किंवा स्फोटाचा दाब बाहेर सोडण्याची व्यवस्था केली गेली नाही. मोकळ्या बोगद्यात विरून जाणारी धूळ बंद पेटीत दाट झाली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने तिला ठिणगी दिली. त्यानंतर इमारतीत साचलेले थर उसळले आणि एकामागून एक स्फोट होत गेले. साखरधंद्याला हा धोका १९२५ पासून ठाऊक होता, असेही चौकशीत नमूद झाले. धोक्याचे ज्ञान होते. नव्हता तो एका लहानशा फेरबदलाने काय घडेल याचा आगाऊ हिशेब.

असा हिशेब मांडला, की धक्का बसतो. बारीक धुळीचा अवघा एक मिलिमीटर जाडीचा थर घेतला, तर एका चौरस मीटरवर साधारण अर्धा किलो धूळ भरते. खोली पाच मीटर उंच असेल आणि हा थर सगळाच उडाला, तर प्रत्येक घनमीटर हवेत १०० ग्रॅम धूळ होते. साखरेच्या पुडीचा स्फोट होण्यास साधारणतः एवढे प्रमाण पुरते. एलेव्हेटर, ग्रेडर, हॉपर आणि पोती भरण्याची जागा येथे बोटाने रेघ ओढता येईल एवढा थर दिसला, तर तो केवळ अस्वच्छतेचा प्रश्न उरत नाही.

कोळशाच्या खाणीने यावर एक उपाय शोधला. चुनखडीची पूड पसरून कोळशाची धूळ निष्प्रभ करता येते. परंतु साखर हे अन्न आहे. तिच्यात चुनखडी मिसळता येत नाही. म्हणून साखर कारखान्यापुढे धूळ ओढून घेणे, ठिणगी टाळणे, स्फोटाचा दाब सुरक्षित दिशेला सोडणारी झडप ठेवणे आणि एका यंत्रातील ज्वाला दुसऱ्यात जाऊ न देणे, एवढेच मार्ग राहतात. झडप कोठे असावी, किती मोठी असावी, एलेव्हेटरच्या पायथ्याशी पेटलेली ज्वाला गोदामापर्यंत पोहोचेल की नाही, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देणे धोक्याचे आहे. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहण्यासाठी कोणी आपली इमारत उडवून देणार नाही. कोळशासाठी अमेरिकेत ब्रूस्टन येथे प्रायोगिक खाणच राखण्यात आली. तशी चैन प्रत्येक धंद्याला परवडत नाही.

येथेच संगणकाचे साहाय्य मोलाचे ठरते. तंत्रज्ञ ज्याला सिम्युलेशन म्हणतात, त्यात इमारतीचा नकाशा लहान लहान खणांत विभागला जातो आणि प्रत्येक खणातील हवेचा वेग, दाब, तापमान व धुळीचे प्रमाण क्षणाक्षणाला गणिताने काढले जाते. नॉर्वेतील बर्गन येथे समुद्रातील तेलकेंद्रांवरच्या वायुस्फोटांसाठी रचलेली अशी प्रणाली पुढे युरोपीय सहकार्यातून धुळीच्या स्फोटांसाठी विस्तारण्यात आली. पोर्ट वेंटवर्थच्या पट्ट्यावर पत्रे बसवण्यापूर्वी असे गणित मांडले असते, तर ते पत्रे झडपांवाचून बसवण्याचे धाडस कोणी केले नसते.

अर्थात संगणक म्हणजे देवाचा कौल नव्हे. निजलेला थर नेमका कसा उचलला जातो आणि खवळलेल्या हवेत ज्वाला किती वेगाने पसरते, याविषयी गणिताला अजून प्रयोगांचा आधार घ्यावा लागतो. दुसऱ्या देशातील साखरेच्या कणांचे आकडे घालून येथील कारखान्याचे चित्र काढले, तर पडद्यावर रंग सुंदर उमटतील, पण उत्तर चुकेल. कणांचा आकार आणि ओलावा येथल्याच धुळीचा मोजला पाहिजे. शिवाय कोणतेही गणित झाडूची जागा घेऊ शकत नाही. दाबाच्या हवेने धूळ उडवून सफाई करणे हे स्फोटाला आमंत्रण होय, हे पोती शिवणाऱ्या हंगामी कामगाराला मराठीत समजावून सांगण्यास संगणक लागत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीची यंत्रे बंदिस्त करणे, धूळ साचू न देणे आणि ठिणगीचे कारण दूर ठेवणे या गोष्टी मालकावर सोपवल्या होत्या. यंत्र स्फोटाचा दाब सोसण्याजोगे नसेल तर झडपांची तरतूदही त्यात होती. कायद्यांची नावे आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी धुळीचा स्वभाव बदलत नाही.

हे काम एकेकट्या कारखान्याला जड वाटेल, पण सहकाराचा जन्मच अशा कामांसाठी झाला आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, खाणसुरक्षेचा अनुभव असलेली धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था आणि लोणी, संगमनेर व कोपरगावची अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून, हंगाम संपून कारखान्यांची डागडुजी सुरू होते त्या महिन्यांत, जिल्ह्यातील एकाच कारखान्याचा असा अभ्यास प्रथम करावा. खर्च काही कारखान्यांनी वाटून घ्यावा आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत. फॅरडेचा इशारा ऐकू येण्यास खाणींना अर्धशतकाहून अधिक काळ आणि हजारो प्राण द्यावे लागले. साखरधंद्याला ती किंमत मोजण्याचे कारण नाही.