तुरुंगातील साथ आणि जामिनाची किंमत

तुरुंगात साथ उद्भवली की शासन डॉक्टर धाडते, फवारणी करते आणि नातलगांच्या भेटी बंद करते. हे उपाय मुळाशी जात नाहीत. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. सायंकाळपासून सकाळपर्यंत कुलूपबंद असलेल्या कोंदट बराकीत एक खोकणारा बंदी सर्वांना धोका ठरतो. आजाऱ्यास वेगळे ठेवावे हा नियम योग्यच. पण जागाच नसेल तर तो पाळायचा कसा?

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता २०२० साली ८०४ होती. तेव्हा तेथे तिपटीहून अधिक माणसे कोंबलेली होती. त्या मे महिन्यात शंभराहून अधिक बंद्यांना करोनाची बाधा झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्चमधील आदेशानुसार नेमलेल्या राज्याच्या समितीने मग सुमारे १७ हजार बंद्यांना तात्पुरते सोडण्याचे ठरविले. गर्दी कमी करणे शक्य आहे, हे शासनानेच अशा रीतीने मान्य केले. पुढे मार्च २०२३ मध्ये सुटलेल्यांना परत हजर होण्याचा आदेश निघाला.

ही गर्दी कोणाची आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जागांवर ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. ऐपतदार आरोपी जामीन भरून घरी जातो. मजुराला जामीनदार मिळत नाही, म्हणून तो आत खितपत पडतो. जामीन रुपयांत मोजला जातो, तोवर रोगाचा भारही वर्गानुसारच वाटला जाणार.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या व कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यास बंधपत्रावर सोडावयाचे आहे. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकाचे आहे. असे किती अर्ज गेले, हे प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे आणि जामीनदार नसलेल्यांसाठी वकील उभे करावेत.

आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, समाजवादी कार्यकर्त्यांनी येरवड्याच्या आणि नाशिकरोडच्या बराकी आतून पाहिल्या. त्यांच्या सुटकेसाठी बाहेर चळवळ उभी होती. आजच्या कच्च्या कैद्यामागे कोणीही उभे नाही. ती उणीव भरून काढणे हे या चळवळीचेच काम आहे.